पेटंट मोजण्याची कुळकथा

कोणतं तंत्रज्ञान चढतंय आणि कोणतं मावळतंय, हे पेटंटच्या अर्जांवरून ताडण्याची विद्या हल्ली संगणकाच्या नावावर खपते. खरं तर ती कारकुनी शिस्तीची लेक आहे, आणि त्या शिस्तीचं एक ठाणं आपल्या नागपुरात आहे.

मुळात पेटंट हा सौदा होता. 1474 साली व्हेनिसने नवी युक्ती काढणाऱ्याला दहा वर्षांची मक्तेदारी देऊ केली. पुढे बदल्यात ती युक्ती लिहून उघड करण्याची अट आली. भारतात कायदा झाला 1856 मध्ये. पहिला अर्ज कोलकात्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंगचा, पंखा ओढायच्या यंत्रासाठी! कागदांचे ढीग वाढले, तशी हवा तो कागद शोधायची पंचाईत झाली. 1971 च्या स्ट्रासबर्ग कराराने देशोदेशींसाठी एकच वर्गवारी ठरवली. करार 1975 मध्ये अमलात आला. त्याच वर्षी केंद्र सरकारने नागपुरात 'पेटंट माहिती प्रणाली' स्थापली. काम एकच: जगभरच्या पेटंटमधली माहिती जमवून संशोधकांना आणि उद्योगांना पुरवायची. कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनीही 1975 चीच आणि नागपूरचीच.

म्हणून उदाहरण कोळशाचं, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीच्या खाणींच्या कामाचं घेऊ. भूमिगत खाणीचं छत धरून ठेवणाऱ्या बोल्टचा या वर्गवारीतला कप्पा आहे 'ई 21 डी 21'. ई म्हणजे बांधकामं, 21 म्हणजे खोदकाम आणि खाणी, डी म्हणजे बोगदे आणि त्यांचे आधार. शेजारच्या 'ई 21 एफ'मध्ये वायुवीजन, धूळ, बचावकार्य. कोणत्या कप्प्यात कोणत्या देशाचे अर्ज कधी वाढले हे पाहिलं, की पैसा कोळसा कापण्यावर लागतोय की सुरक्षेवर, याचा अदमास येतो.

पण नुसती मोजदाद फसवी. अर्ज साधारण 18 महिने गुप्त असतो, त्यामुळे आलेखाचं शेवटचं टोक नेहमीच घसरलेलं दिसतं आणि नवखा 'लाट ओसरली' म्हणून मोकळा होतो. एकच युक्ती दहा देशांत नोंदवली तर ती दहा ठरते. आकडे फुगवून अहवाल विकणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं मला वाटत नाही.

भारतात पेटंटची मुदत 20 वर्षं. ती संपली, किंवा इथे अर्जच झाला नसेल, तर ती युक्ती इथे वापरायला मोकळी. माजरीच्या वर्कशॉपवाल्यांनी आणि चंद्रपूरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी 'ई 21' एकदा चाळावा; पेटंट कार्यालयाचा संग्रह इंटरनेटवर फुकट आहे.