आल्बोइनच्या मागून कोण आले?

आठव्या शतकाच्या अखेरीस पाउलुस डायाकोनस या भिक्षूने आपल्या लोकांचा, म्हणजे लाँगोबार्डांचा, इतिहास लिहिला. 568 साली आल्बोइन राजा पॅनोनियातून (आजच्या पश्चिम हंगेरीतून) इटलीत उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर पाउलुसचा पूर्वजही होता. घराण्याचा आणि लोकांचा अभिमान पाउलुसच्या लिखाणात लपत नाही. तरीही आल्बोइनच्या मागून कोण आले हे सांगताना तो गेपिड, बल्गर, सार्मेशियन, सुएबी, पॅनोनियाचे आणि नोरिकमचे रहिवासी अशी यादीच देतो. हे लोक ज्या गावांत वसले ती गावे आपल्या काळीही त्यांच्याच नावांनी ओळखली जातात, असेही तो नोंदवतो. या यादीत जर्मनिक बोली बोलणारे आहेत, इराणी मुळाचे सार्मेशियन आहेत, गवताळ मैदानातले बल्गर आहेत आणि साम्राज्याच्या जुन्या प्रांतांतले रोमन प्रजाजनही आहेत. या स्थलांतराची चर्चा करताना ही यादी सहसा ओझरती येऊन जाते. मला मात्र ती सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. लाँगोबार्ड हे एका रक्ताचे लोक होते आणि वाटेत चार परके त्यांना येऊन मिळाले, असे झालेले नाही. राजाच्या मागे चालणे, त्याच्यासाठी लढणे आणि त्याचा कायदा मानणे यातूनच ते ‘लाँगोबार्ड’ घडत गेले.

ही सरमिसळ कशी होत होती हे गेपिडांच्या उदाहरणात अगदी जवळून दिसते. 567 साली आल्बोइनने आवार लोकांशी हातमिळवणी करून गेपिडांचा पाडाव केला. त्यांचा राजा कुनिमुंड मारला गेला आणि त्याची मुलगी रोझामुंड आल्बोइनची राणी झाली. गेपिडांना पुन्हा स्वतःचा राजा मिळाला नाही. उरलेल्यांपैकी काही आवारांच्या अंमलाखाली राहिले, काही विजेत्यांना येऊन मिळाले आणि वर्षभरातच त्यांच्याबरोबर इटलीची वाट चालू लागले. हरलेल्या सैनिकापुढे पर्याय थोडे असत आणि जिंकणाऱ्या राजाला माणसांची गरज कायमची असे. ही गरज लाँगोबार्डांच्या जुन्या आठवणींतही उमटली आहे. लढणारे हात वाढावेत म्हणून त्यांनी गुलामांना मुक्त केले, आणि मुक्ती पक्की करताना बाणाच्या साक्षीने पूर्वापार चालत आलेले काही शब्द पुटपुटले, असे पाउलुस सांगतो. तो गुलाम कोणत्या लोकांत जन्मला होता, याची चौकशी त्या विधीत कुठेच नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: पाउलुस दोनशे वर्षांनंतर लिहीत होता, त्याच्या यादीवर किती विसंबायचे? आक्षेप रास्त आहे, पण आधार फक्त पाउलुसचा नाही. लाँगोबार्डांबरोबर आलेले सॅक्सन पुढे इटली सोडून गेले, हे तूरचा बिशप ग्रेगरी लिहितो, आणि तो त्या घटनांचा समकालीन होता. त्याहून बोलका पुरावा 643 साली रोथारी राजाने जाहीर केलेल्या कायद्याच्या प्रस्तावनेत आहे. तिथे लाँगोबार्ड राजांची मालिका दिली आहे, आणि तीत आगिलुल्फ राजाची ओळख चक्क ‘थुरिंगियन’ अशी करून दिली आहे. दरबाराच्या अधिकृत दस्तऐवजात परक्या मुळाचा राजा लाँगोबार्डांच्या राजमालिकेत बसतो आणि ते मूळ झाकण्याची कुणाला गरज वाटत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो हाडांतून आला आहे. हंगेरीतल्या बालातोन सरोवराजवळचे सोलाद आणि तोरिनोजवळचे कोलेन्यो या दोन दफनभूमींमधल्या 63 व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात ढोबळमानाने दोन वंशधारा आढळल्या, एक उत्तर व मध्य युरोपाची आणि दुसरी दक्षिण युरोपाची. शस्त्रे आणि इतर वस्तूंसह पुरलेली माणसे बहुतांशी पहिल्या धारेची होती, तर दुसऱ्या धारेच्या माणसांची थडगी बरीच रिकामी होती. मग जुन्या इतिहासकारांचे खरे ठरले का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताफ कोसिना या जर्मन पुरातत्त्वज्ञाने भांड्यांच्या आणि दागिन्यांच्या घडणीवरून थेट वंशाच्या सीमा आखल्या. पुढे नाझी राजवटीने त्या मांडणीचा शेजाऱ्यांच्या भूमीवर हक्क सांगण्यासाठी उपयोग केला. म्हणून इथे शब्द जपून वापरायला हवेत. उत्तरेची वंशधारा म्हणजे लाँगोबार्ड रक्त नव्हे. तीत सॅक्सन, सुएबी, थुरिंगियन असे कुणीही येऊ शकते, आणि त्यांना वेगळे करणारी खूण या हाडांत सापडलेली नाही. ठळकपणे दिसतात ती कुटुंबे. एकेका मातब्बर घराण्याच्या पिढ्या जवळजवळ पुरलेल्या आहेत आणि त्याच आवारात निराळ्या मुळाची माणसेही आहेत. त्या माणसांचा मान कमी असावा, हे मी नाकारत नाही. मिसळ होती याचा अर्थ समता होती असा होत नाही. पण जो समाज एकाच दफनभूमीत आपले मृत ठेवतो, त्याला एका वंशाचा समाज म्हणता येत नाही.

हे लोकही नुसत्या गरजेपुरते एकत्र राहिलेले नव्हते. त्यांना बांधणारी गोष्ट कोणती, हे सॅक्सनांच्या निघून जाण्यावरून कळते. पाउलुस सांगतो की त्यांना स्वतःच्या कायद्याने राहायचे होते आणि लाँगोबार्डांनी ते मान्य केले नाही. रोथारीच्या कायद्याच्या 367 व्या कलमात हेच धोरण लेखी दिसते: बाहेरून येऊन राजाच्या आश्रयाला राहणाऱ्याने लाँगोबार्डांच्या कायद्याने राहावे, राजाने कृपेने दुसरा कायदा दिला असेल तर गोष्ट वेगळी. नातेसंबंध उलट दिशेनेही तुटू शकत होता. द्रोक्तुल्फ जन्माने सुएबी, वाढला लाँगोबार्डांत, त्यांचाच सरदार झाला आणि पुढे रोमन बाजूला जाऊन त्यांच्याविरुद्ध लढला. रावेन्नात सान व्हिताले चर्चपाशी त्याला पुरले. त्याचा समाधिलेख पाउलुसने उतरवून ठेवला आहे. चेहरा उग्र, मन दयाळू, छातीवर रुळणारी लांब दाढी, असे त्याचे वर्णन त्यात येते. तो लेख त्याला सुएबी म्हणतो, तरी ज्यांच्याविरुद्ध तो लढला त्या लाँगोबार्डांना त्याचेच लोक म्हणतो आणि रावेन्नाला त्याची मायभूमी. एकाच माणसाच्या आयुष्यात जन्म, संगोपन आणि निष्ठा अशी तीन नाती इथे शेजारी शेजारी उभी आहेत, आणि त्यातले एकही खोटे नाही.

अशी उदाहरणे लाँगोबार्डांपुरती मर्यादित नाहीत. उत्तर आफ्रिकेतले राजे स्वतःला व्हँडलांचे आणि अलानांचे राजे म्हणवत, आणि अलान तर इराणी भाषा बोलणारे. गॉथिक भाषेत बायबल आणणारा बिशप वुल्फिला हा गॉथांनी आशिया मायनरमधल्या कापाडोकियातून पळवून नेलेल्या ख्रिस्ती बंदिवानांचा वंशज होता. गॉथिक भाषेचा सर्वांत मोठा लिखित ठेवा कापाडोकियाच्या घराण्यातल्या माणसामुळे उरला आहे.

इटलीत ही प्रक्रिया पुढेही चालू राहिली. 750 साली आइस्तुल्फ राजाने सैन्यात कुणी काय घेऊन यायचे हे ठरवले, आणि त्याने लावलेला निकष मालमत्तेचा होता. सात कुळवहिवाटी बाळगणाऱ्याने चिलखत आणि घोडा आणावा, कमी जमीन असलेल्याने आपल्या ऐपतीप्रमाणे यावे, आणि जमीन नसलेल्या व्यापाऱ्यांनीही, त्यातल्या सधनांनी, घोड्यासह आणि चिलखतासह हजर व्हावे. कुणाचे आजोबा पॅनोनियातून आले आणि कुणाचे पो नदीच्या खोऱ्यात पूर्वीपासून राहत होते, हा प्रश्न त्या कलमांत विचारलेला नाही.