दिल्लीच्या गरीब वस्त्यांत किराणा पोहोचविण्याचे सरकारी प्रयत्न

नवी दिल्ली : देशाच्या राजधानीत धान्याचा तुटवडा नाही. आझादपूरसारखा भाजी व फळांचा विशाल घाऊक बाजार, खारी बावलीची धान्य व मसाल्यांची पेठ आणि जवळजवळ प्रत्येक वसाहतीत एखादे किराणा दुकान अशी या शहराची रचना आहे. तरीही शहराच्या कडेला वसविलेल्या वस्त्यांमध्ये वाजवी दरात, चांगल्या प्रतीची डाळ, तेल, पीठ आणि भाजी मिळणे हा गेल्या साठ वर्षांतील एक न सुटलेला प्रश्न आहे. तो सोडविण्यासाठी सरकारने वेळोवेळी सार्वजनिक पैसा खर्च केला. कधी सहकारी भांडारे उभारली, कधी दूध व भाजीचे बूथ उघडले, कधी स्वस्त धान्य दुकानांना कमिशन दिले, तर कधी फिरत्या गाड्या रस्त्यावर आणल्या. या प्रयत्नांचा हा आढावा.

वस्ती दूर, बाजारही दूर

दिल्लीतील गरिबांची वस्ती कोठे असावी हे बहुतांशी सरकारी निर्णयांनी ठरले आहे. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात शहराच्या मध्यभागातील झोपडपट्ट्या हटवून सुमारे सात लाख लोकांना त्रिलोकपुरी, कल्याणपुरी, मंगोलपुरी, सुलतानपुरी, जहांगीरपुरी, नंदनगरी अशा पुनर्वसन वसाहतींमध्ये हलविण्यात आले. २००४ मध्ये यमुना पुश्ता येथील झोपड्या पाडल्यानंतर अनेक कुटुंबांना बवाना व होलंबी कलाँ येथे, तर २००६ पासून सावदा घेवरा येथे भूखंड देण्यात आले. सावदा घेवरा येथील भूखंड १२.५ आणि १८ चौरस मीटरचे होते.

अशा ठिकाणी प्रथम घरे उभी राहतात आणि बाजार मागाहून येतो. सुरुवातीला एखाद्या घराच्या दर्शनी खोलीत छोटे दुकान निघते. दुकानदाराकडे भांडवल थोडे असल्याने तो थोडाच माल आणतो, आणि तोही किरकोळ बाजारातून. रोजंदारीवर जगणारे ग्राहकही पाव किलो डाळ, दहा रुपयांचे तेल अशीच खरेदी करतात. परिणामी गरीब कुटुंबाला त्याच मालासाठी किलोमागे अधिक दाम मोजावे लागतात. मात्र हाच दुकानदार उधारी देतो, रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवतो आणि ग्राहकाला नावाने ओळखतो. सरकारी योजनांना स्पर्धा करावी लागली ती या दुकानदाराशी.

ग्राहक सहकाराचा काळ

१९६२ च्या चीन युद्धानंतर महागाई वाढली, तेव्हा केंद्र सरकारने ग्राहक सहकारी संस्थांना भागभांडवल व कर्ज देण्याची योजना हाती घेतली. १९६३ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी ‘केंद्रीय भांडार’ ही सहकारी संस्था स्थापन झाली. १९६५ मध्ये राष्ट्रीय सहकारी ग्राहक महासंघ, म्हणजे एनसीसीएफ, अस्तित्वात आला. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि त्याच वर्षी कॅनॉट प्लेस येथे ‘सुपर बाजार’ सुरू झाला. केंद्र सरकारच्या मोठ्या आर्थिक सहभागातून उभी राहिलेली ही संस्था दोन पिढ्यांच्या दिल्लीकरांच्या परिचयाची होती.

मराठी वाचकांना या काळातील मुंबईचे चित्र आठवेल. नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ मध्ये सुरू झालेला ‘अपना बाजार’ हा सभासदांच्या बळावर वाढला. दिल्लीतील भांडारांचा पाया वेगळा होता. ती सरकारच्या पुढाकाराने निघाली आणि त्यांच्या शाखा प्रामुख्याने सरकारी वसाहती व मध्यवर्ती बाजारपेठांमध्ये राहिल्या. ज्याला महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार मिळतो त्याला महिन्याचा किराणा एकदम भरणे शक्य असते. शहराच्या टोकाला राहणाऱ्या रोजंदारी मजुराला ते शक्य नव्हते, आणि स्वस्त मालासाठी लागणारे बसभाडे बचतीपेक्षा जास्त ठरत असे.

पुढे सुपर बाजार तोट्यात गेला. २००२ मध्ये संस्था गुंडाळण्याचा आदेश निघाला आणि पुनरुज्जीवनाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. जुने स्थान मात्र संस्थेला परत मिळाले नाही. केंद्रीय भांडार आजही कार्यरत आहे.

दुधाचा बूथ, भाजीचा बूथ

तुलनेने अधिक यशस्वी ठरलेला प्रयोग राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा होता. दुग्धक्रांतीच्या कार्यक्रमांतर्गत १९७४ मध्ये ‘मदर डेअरी’ स्थापन झाली. टोकन टाकून सुटे दूध देणारी यंत्रे असलेले बूथ राजधानीत ठिकठिकाणी उभे राहिले आणि त्यांतील अनेक बूथ माजी सैनिकांना चालविण्यास देण्यात आले. १९८८ मध्ये याच मंडळाने ‘सफल’ या नावाने फळे व भाजीपाला विक्री सुरू केली. तिचे मुख्य केंद्र मंगोलपुरी येथे आहे. पुढे सफलच्या विक्री केंद्रांची संख्या तीनशेहून अधिक झाली.

या व्यवस्थेत सार्वजनिक पैसा प्रामुख्याने प्रक्रिया केंद्र, शीतगृह, वाहतूक आणि बूथ यांवर खर्च झाला. रोजचा व्यवहार विक्रीतून भागावा अशी रचना ठेवण्यात आली. सुट्या दुधाला पिशवीचा खर्च नसल्याने ते स्वस्त पडे आणि थोड्या पैशांत थोडे दूध घेता येई. गरीब ग्राहकासाठी ही सोय महत्त्वाची होती.

स्वस्त धान्य दुकानाचा हिशेब

सर्वांत दूरवर पोहोचलेले सरकारी दुकान म्हणजे अर्थातच स्वस्त धान्य दुकान. दिल्लीत अशी सुमारे दोन हजार दुकाने असून सुमारे ७२ लाख लाभार्थ्यांना त्यांतून धान्य मिळते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा दिल्लीत १ सप्टेंबर २०१३ पासून लागू झाला. प्राधान्य गटातील व्यक्तीला दरमहा पाच किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य देण्याची तरतूद त्यात आहे. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत करण्यात आले आणि १ जानेवारी २०२४ पासून ही सवलत आणखी पाच वर्षांसाठी वाढविण्यात आली.

धान्य मोफत असले तरी दुकान चालविण्यास खर्च येतो. दुकानदाराचे उत्पन्न म्हणजे धान्यावर मिळणारे कमिशन. केंद्राच्या मानकांनुसार सर्वसाधारण गटातील राज्यांसाठी हा दर क्विंटलमागे ७० रुपये होता. एप्रिल २०२२ पासून तो ९० रुपये करण्यात आला. बोटाच्या ठशावर चालणाऱ्या यंत्राद्वारे विक्री केल्यास क्विंटलमागे २१ रुपये अधिक मिळतात. राज्ये आपल्या तिजोरीतून याहून जास्त देऊ शकतात.

समजा, एका दुकानाकडे एक हजार शिधापत्रिका आणि चार हजार व्यक्ती आहेत. माणशी पाच किलोप्रमाणे महिन्याला २०० क्विंटल धान्याचे वाटप होईल. ९० रुपये दराने कमिशन १८ हजार रुपये आणि यंत्राची जादा रक्कम धरल्यास २२ हजार २०० रुपये होते. यातून जागेचे भाडे, वीज, मदतनिसाचा पगार आणि धान्यातील घट भागवायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती वाधवा समितीने दिल्लीतील शिधावाटपाची पाहणी केली होती. अपुरे कमिशन आणि धान्याची चोरटी विक्री यांचा संबंध समितीने लक्षात आणून दिला होता. दुकान परवडत नसेल तर ते महिन्यातील थोडेच दिवस उघडते किंवा मापात मारते, आणि दोन्हींचा भुर्दंड ग्राहकालाच बसतो.

याशिवाय दोन मर्यादा आहेत. लाभार्थ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेवर आधारलेली असल्याने ती भरल्यानंतर नव्या अर्जदारांना जुनी नावे वगळली जाईपर्यंत थांबावे लागते. दुसरी मर्यादा ताटातील आहे. कायद्याने मिळते ते गहू किंवा तांदूळ. डाळ, तेल, भाजी बाहेरूनच घ्यावी लागते. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून रवा, चणाडाळ, साखर व पामतेल प्रत्येकी एक परिमाण १०० रुपयांत देण्यात आले, तेव्हा याच दुकानांतून किराणाही विकता येतो हे दिसले.

घरपोच धान्याचा वाद

दुकानापर्यंत जाण्याऐवजी धान्यच घरी न्यावे, असा दिल्ली सरकारचा प्रस्ताव होता. २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने घरपोच शिधा योजनेला मान्यता दिली. २०२१ मध्ये केंद्र सरकारने तिच्यावर आक्षेप घेतला. स्वस्त धान्य दुकानदारांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि १९ मे २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही योजना रद्द ठरविली. राज्य सरकार घरपोच पुरवठ्याची दुसरी योजना आणू शकते; मात्र त्यासाठी केंद्राकडून अन्नसुरक्षा कायद्याखाली मिळणारे धान्य वापरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

दरम्यान, जुलै २०२१ मध्ये दिल्लीत ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना लागू झाली. बिहार किंवा उत्तर प्रदेशातील शिधापत्रिकेवर स्थलांतरित मजुराला दिल्लीतील दुकानातून धान्य घेणे त्यामुळे शक्य झाले.

धान्य की रोख रक्कम?

दुकानाऐवजी कुटुंबाला पैसे द्यावेत, असेही सुचविले जाते. २०११ मध्ये दिल्ली सरकारच्या सहकार्याने ‘सेवा’ या संस्थेने पश्चिम दिल्लीतील रघुबीर नगर येथे एक प्रयोग केला. शंभर कुटुंबांना शिध्याऐवजी दरमहा एक हजार रुपये देण्यात आले. या कुटुंबांचे अन्न कमी झाले नाही. उलट डाळी, दूध, अंडी यांसारख्या पदार्थांकडे ती काही प्रमाणात वळली, असे आढळले. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्ली सरकारने ‘अन्नश्री’ योजनेत शिधापत्रिका नसलेल्या गरीब कुटुंबांना दरमहा ६०० रुपये देण्यास सुरुवात केली. रोख रकमेचा उपयोग जवळच्या बाजारावर अवलंबून असतो. रघुबीर नगर हे जुन्या, गजबजलेल्या शहरात आहे. सावदा घेवरासारख्या दूरच्या वसाहतीत, विशेषतः तेथील आरंभीच्या वर्षांत, तोच निष्कर्ष निघाला असता असे गृहीत धरता येत नाही.

फिरत्या गाड्या आणि नाशिकचा कांदा

भाववाढीच्या काळात केंद्र सरकार फिरत्या गाड्यांचा मार्ग स्वीकारते. दिल्लीत त्याला राजकीय पार्श्वभूमीही आहे. १९९८ च्या विधानसभा निवडणुकीत कांद्याचे भाव हा निर्णायक मुद्दा ठरला होता. जुलै २०२३ मध्ये दिल्ली व परिसरात एनसीसीएफने सवलतीच्या दराने टोमॅटो विकले. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘भारत आटा’ किलोला २७ रुपये ५० पैसे दराने विकण्यासाठी १०० गाड्या रवाना करण्यात आल्या. नाफेड, एनसीसीएफ आणि केंद्रीय भांडार यांच्याकडे या विक्रीची जबाबदारी होती.

सप्टेंबर २०२४ पासून राखीव साठ्यातील कांदा ३५ रुपये किलोने विकण्यात आला. त्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकहून ‘कांदा एक्स्प्रेस’ या रेल्वेगाडीने १,६०० टन कांदा दिल्लीच्या किशनगंज स्थानकात आला. दिल्लीच्या ग्राहकाला दिलासा देणारे हे धोरण नाशिकच्या उत्पादकाच्या दृष्टीने भाव दाबणारे ठरू शकते, ही बाजूही लक्षात घ्यावी लागते. शिवाय गाडी दोन तास उभी राहते आणि निघून जाते. त्या वेळी कामावर असलेल्या बाईला तिचा उपयोग होत नाही.

गाझियाबाद व हरियाणातील नवे प्रयोग

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने गाझियाबाद, जयपूर, अहमदाबाद आणि हैदराबाद येथील ६० स्वस्त धान्य दुकानांचे ‘जन पोषण केंद्रां’त रूपांतर करण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. दुकानातील निम्मा माल पोषणमूल्य असलेल्या पदार्थांचा आणि उरलेला घरगुती वस्तूंचा असावा, तसेच दुकानदाराला खेळत्या भांडवलासाठी कर्ज मिळावे, अशी ही कल्पना आहे. हरियाणाने २०२१ मध्ये ‘हर-हित’ दुकानांची योजना सुरू केली. त्यात राज्याचे कृषी उद्योग महामंडळ माल पुरविते आणि स्थानिक तरुण दुकान चालवितात. दोन हजार दुकानांचे उद्दिष्ट त्या वेळी जाहीर झाले होते.

परदेशातील अनुभव

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने २००४ मध्ये गरीब भागांत किराणा दुकाने उघडणाऱ्यांना कर्ज व अनुदान देण्यासाठी निधी उभारला. राज्याचा वाटा तीन कोटी डॉलर होता. पुढे केंद्रीय पातळीवरही असा कार्यक्रम आला. मात्र फिलाडेल्फियातील एका नव्या दुकानाविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळेच चित्र दिसले. दुकान आल्याचे रहिवाशांना जाणवले, पण त्यांच्या फळे-भाज्या खाण्याच्या प्रमाणात लक्षणीय बदल झाला नव्हता. दुकान जवळ असणे आवश्यक आहे, पुरेसे नाही, हा त्याचा अर्थ.

दिल्लीचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. जागा, गोदाम आणि वाहतूक यांवर झालेला सार्वजनिक खर्च अधिक टिकला. केवळ सवलतीचा दर देणारी विक्री भाव उतरताच थांबली. पुनर्वसन वसाहत आखताना शाळा व दवाखान्याप्रमाणे दुकानासाठीही जागा राखणे, स्वस्त धान्य दुकानदाराला परवडेल असे उत्पन्न देणे आणि गव्हासोबत डाळ-तेल ठेवण्याची मुभा देणे, या उपायांना फार मोठ्या निधीची गरज नाही. रोजंदारी संपवून संध्याकाळी घरी परतणाऱ्या कुटुंबाला त्या वेळी, चालत जाता येईल अशा अंतरावर, योग्य दराने पाव किलो डाळ मिळते की नाही, यावरच अशा योजनांचे यश मोजले जाईल.