नौकातळाचा लेप : आहुप्याच्या कड्यावरून एक टिपण

आंबेगांव तालुक्यांतील आहुपें हें गांव सह्याद्रीच्या अगदीं कड्यावर आहे. पाठीमागें घोड नदीचें खोरें पूर्वेस उतरत जातें. पुढें कडा तुटतो व खालीं गोरखगड, मच्छिंद्रगड आणि सिद्धगड यांच्या पायथ्याचा मुरबाडचा मुलूख पसरलेला दिसतो. येथून खोपिवलीस उतरणाऱ्या घाटवाटेनें मनुष्य मुरबाडावरून कल्याणच्या खाडीस पोंचतो. नौकांविषयींच्या लेखाचा आरंभ डोंगरांतील गांवापासून करावा हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आरमार केवळ बंदरांत घडत नाहीं. त्याचे जिन्नस कोठून तरी खाडीवर यावे लागतात. एवढ्यावरून आहुप्याच्या देवराईंतील झाड कल्याणच्या गलबतास लागलें असें मात्र कोणीं म्हणूं नये. तसल्या अनुमानांचा आम्हांस कंटाळा आहे.

शिवछत्रपतींनीं 1657 सालीं कल्याण-भिवंडी घेतली व लवकरच तेथें जहाजें बांधण्यास आरंभ केला. पोर्तुगीज कागदांवरून 1659 मध्यें या कामावर रुय लैतांव व्हिएगस नांवाचा पोर्तुगीज होता व वसईकडील अधिकाऱ्यांच्या फितवण्यानें तो आपल्या लोकांसह निघून गेला, असें दिसतें. गलबतें किती, तोफा किती, याची चर्चा अभ्यासकांनीं केली आहे. गलबत एकदां पाण्यांत पडल्यावर त्याचें बूड कसें राखीत, इकडे फार थोड्यांचें लक्ष गेलें.

लांकडी बुडास शत्रु दोन. एक लांकूड पोखरणारा समुद्रकिडा. दुसरा बुडास चिकटून वेग मारणारा शेवाळाचा व शिंपल्यांचा थर. किड्याचें काम गुप्त असतें. फळी वरून धड दिसते आणि आंत मधाच्या पोळ्यासारखी पोकळ झालेली असते. पश्चिम किनाऱ्यावरचा उपाय असा कीं, गलबत ओढून कोरड्यावर घ्यावें, जुना थर खरवडावा, फळ्या वाळूं द्याव्या, सांध्यांत कापूस ठोकून बसवावा. मग पाण्याखालच्या भागास चुना व चरबी यांचा लेप द्यावा आणि वरच्या भागास माशाचें तेल चोपडावें. सांधे भरणाऱ्यास ‘कलापती’ म्हणत. हा पोर्तुगीज ‘कालाफाते’ शब्दाचाच अवतार होय. चुना व तेल यांच्या घट्ट लुकणास ‘गलगल’ हें नांव होतें, व तें युरोपीयांच्या लेखांतही सतराव्या शतकापासून आढळतें. या सर्व कामांत लेपाहून तयारी थोर. ओल्या किंवा मळक्या फळीवर उत्तमांतील उत्तम लेपही धरत नाहीं.

अमात्य रामचंद्रपंतांच्या नांवावर असलेल्या, सुमारें 1715 च्या आज्ञापत्रांत आरमाराचें स्वतंत्र प्रकरण आहे. रयतेचे आंबे-फणस तिच्या संमतीवांचून तोडूं नयेत ही आज्ञा सर्वांच्या तोंडीं आहे. त्याच प्रकरणांत पावसाळ्यांत आरमाराची छावणी कोठें व कशी करावी हें सांगितलें आहे, तें कोणी वाचीत नाहीं. आमच्या मतें तो भाग अधिक मोलाचा. कारण समुद्र बंद असतो तेच चार महिने बुडाच्या डागडुजीचे.

पुढें तांब्याचा पत्रा आला. इंग्रजांनीं 1761 सालीं ‘अलार्म’ या युद्धनौकेचें बूड तांब्यानें मढविलें. किडा थांबला, शिंपले थांबले. परंतु तांब्याशेजारचे लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यांत झिजून गेले. जेथें पत्र्याचें वेष्टण म्हणून आलेला कागद चुकून मध्यें राहिला होता, तेथील खिळे मात्र शाबूत निघाले. एका विसरलेल्या कागदानें सर्व रहस्य सांगितलें! मुंबईच्या गोदींतही तांबें विलायतेहून येई. वाडियांच्या हातच्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजासाठीं निघालेलें तांबें ‘जावा’ या जहाजावर होतें. 29 डिसेंबर 1812 रोजीं ब्राझीलच्या किनाऱ्यापुढें अमेरिकनांनीं तें जहाज जिंकलें आणि नंतर जाळून टाकलें. ‘कॉर्नवॉलिस’ तरीही 1813 मध्यें पाण्यांत उतरलें. 1824 सालीं हम्फ्री डेव्हीनें तांब्यास जस्त अथवा लोखंड जोडून त्याची झीज थांबविली. तेव्हां तांबें टिकलें, पण विरघळेनासें झाल्यामुळें त्यावर शिंपले पुन्हा धरूं लागले.

अल्युमिनियमच्या नौकेस हाच न्याय लागतो. हेरशॉफ यांनीं 1895 मध्यें बांधलेल्या ‘डिफेंडर’ या शर्यतीच्या नौकेचें बूड काशाचें, वरच्या बाजू अल्युमिनियमच्या व फांसळ्या पोलादाच्या होत्या. तिनें शर्यत जिंकली. पण तिन्ही धातूंचें खाऱ्या पाण्यांत वैर जमून 1901 मध्यें ती मोडावी लागली. म्हणून आज अशा तळास रंग देणारा कारागीर प्रथम तेलकटपणा काढतो, लोखंडी तारेचा कुंचा न लावतां पृष्ठभाग घांसतो, आणि उघड्या धातूवर हवेनें नवा थर जमण्यापूर्वीं, थोड्याच तासांत, पहिला हात देतो. हा हात पूर्वीं जस्ताच्या क्रोमेटचा असे. तें विषारी ठरल्यानें आतां बहुधा इपॉक्सीचा असतो. शिंपले मारणारा तांब्याचा रंग येथें वर्ज्य. लांकडास जो रक्षक, तोच या धातूचा भक्षक. तो पहिला हात म्हणजे ‘अलार्म’वरचा कागदच.

आहुप्याच्या पाठीमागें आतां घोड नदीवर डिंभ्याचा जलाशय आहे. जुनें आंबेगांव त्यांत बुडालें, व विस्थापित आदिवासींनीं सहकारानें तेथें मासेमारी धरली. गोड्या पाण्यांत धातूंचें हें वैर पुष्कळ मंद असतें. खाऱ्या पाण्याचा हिशेब मात्र अजून दप्तरांतच पडून आहे. कुलाबा, विजयदुर्ग येथील आरमारी खर्चाच्या यादी संग्राहक रद्दी समजून बाजूस सारतात. ज्यांच्या संग्रहीं अशा यादी असतील त्यांनीं राळ, चुना, चरबी, तेल व कापूस यांच्या रकमा तिथीसह उतरून मंडळाकडे पाठवाव्या. तिथी अवश्य हवी. खरवडण्याचें काम वर्षांतून एकदां होई कीं दोनदां, हें तिच्यावरूनच ठरेल.