गणिताध्यापनातील सामूहिक पाठनिरीक्षण

गणिताध्यापनातील सामूहिक पाठनिरीक्षण : गणित शिकविणाऱ्या शिक्षकांनी एकत्र बसून एका पाठाची आखणी करावी, त्यांपैकी एकाने तो प्रत्यक्ष वर्गावर घ्यावा, इतरांनी वर्गात बसून विद्यार्थी कसा विचार करतात याची नोंद ठेवावी आणि त्या नोंदींच्या आधारे पाठाची चिकित्सा व पुनर्रचना करावी, अशी अध्यापनसुधारणेची पद्धती. तपासणीहून ती मूलतः भिन्न आहे. तपासणीत नजर शिक्षकावर खिळलेली असते व अखेरीस दप्तरी शेरा उरतो. या पद्धतीत निरीक्षक विद्यार्थ्याच्या वहीपाशी बसतो, आणि पाठाच्या यशापयशाची जबाबदारी तो आखणाऱ्या सर्वांची मानली जाते.

पूर्वपीठिका : देशी भाषांतून शिकविणारे शिक्षक तयार करण्याचा उपक्रम मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली १८२० च्या दशकात सुरू झाला, आणि १८२६ मध्ये शिकून तयार झालेले २४ शिक्षक निरनिराळ्या जिल्ह्यांत रवाना करण्यात आले. जर्व्हिस यांनी गणितविषयक मराठी ग्रंथही सिद्ध केले होते. पुढे १८४५ च्या सुमारास निघालेल्या नॉर्मल स्कूलचे प्रमुखपद बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आले. ‘शून्यलब्धि’ या उच्च गणितशाखेवर मराठीत लेखन करणारे तेच होत. शिक्षकप्रशिक्षणाचा पाया घालणारे हे दोन्ही पुरुष स्वतः गणिताचे जाणकार होते, ही बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण विषयाचे ज्ञान व तो शिकविण्याचे ज्ञान यांची पुढील काळात जी फारकत झाली, ती भरून काढणे हेच प्रस्तुत पद्धतीचे खरे प्रयोजन होय. १८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते अस्तित्वात आल्यावर दिपोटींची (डेप्युटी इन्स्पेक्टरांची) तपासणी रूढ झाली. अध्यापक विद्यालयांतील सराव पाठ, पाठ टाचण व निरीक्षण वही, तसेच शाळांतील मुख्याध्यापकांचे लॉगबुक, ही सर्व पाठनिरीक्षणाचीच रूपे होत. तथापि पदविका अथवा पदवी हाती पडल्यानंतर समव्यवसायी म्हणून दुसऱ्याच्या वर्गात बसण्याचा प्रसंग बहुतेक शिक्षकांना क्वचितच येतो.

जपानमधील स्वरूप : ही पद्धती तेथे ‘जुग्यो केन्क्यू’ या नावाने रूढ आहे. मेइजी राजवटीत १८७२ मध्ये टोकिओ येथे नॉर्मल स्कूल निघाले व तेथे मॅरियन स्कॉट या अमेरिकन शिक्षकाने संपूर्ण वर्गाला एकत्र शिकविण्याची रीत दाखविली. त्या काळातील प्रात्यक्षिक पाठांपर्यंत जुग्यो केन्क्यूचा उगम नेता येतो. गणिताच्या जपानी पाठात प्रथम एकच विचारपूर्वक निवडलेला प्रश्न मांडतात, विद्यार्थी तो स्वतंत्रपणे सोडवितात, शिक्षक वर्गात फिरून निरनिराळ्या रीती हेरून ठेवतो, मग त्या फळ्यावर शेजारी शेजारी मांडून त्यांची तुलना घडवितो आणि अखेरीस सारांश सांगतो. फळ्यावरील मजकूर तास संपेपर्यंत सहसा पुसत नाहीत, त्यामुळे विचाराचा सर्व प्रवास विद्यार्थ्यांसमोर राहतो. जर्मनी, जपान व अमेरिका येथील आठवीच्या गणिताच्या २३१ पाठांच्या चित्रफितींचा अभ्यास १९९५ मध्ये झाला. त्यावर आधारलेल्या स्टिगलर व हीबर्ट या संशोधकांच्या १९९९ मधील ग्रंथामुळे ही पद्धती पाश्चात्त्य जगात प्रसिद्धीस आली. चीनमध्येही विषयवार शिक्षकगटांची समांतर परंपरा आहे.

मुंबई उपनगरांतील कार्य : या क्षेत्रातील सर्वांत ठळक संस्था म्हणजे घाटकोपरपासून जवळच, मानखुर्द येथे असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र होय. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग म्हणून १९७४ मध्ये ते स्थापन झाले. संस्थापक वि. गो. कुलकर्णी यांच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील माध्यमिक शाळांत, आणि १९८० पासून मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसमवेत, केंद्राने दीर्घ मुदतीचे प्रकल्प चालविले. पाठ्यपुस्तकाची भाषा हाच अनेकदा विद्यार्थ्याच्या मार्गातील अडसर ठरतो, हा कुलकर्णी यांचा आग्रहाचा सिद्धांत होता, आणि वर्गात बसून मुलांचे बोलणे ऐकल्यावाचून त्याची प्रचीती येत नाही.

अलीकडच्या काळात याच केंद्रातील के. सुब्रमण्यम व त्यांचे सहकारी यांनी गणितशिक्षकांच्या व्यावसायिक विकासावर संशोधन केले. कार्यशाळेत शिक्षकांनी एखादा घटक मुळापासून तपासावा व नंतर तो वर्गात कसा उतरतो हे संशोधकांसमवेत पाहावे, अशी त्याची दिशा होती. पूर्णांक संख्यांच्या अध्यापनात ऋण संख्येचे तीन अर्थ त्यांनी वेगळे केले : स्थिती, बदल व संबंध. उपनगरांतील उंच इमारतींच्या उद्वाहकात याचे उदाहरण आयते सापडते. दुसऱ्या तळघराची खूण −२ ही स्थिती होय. दोन मजले खाली उतरणे हा बदल होय. आणि आपला मजला मित्राच्या मजल्याहून दोनने खाली असणे हा संबंध होय. चिन्ह एकच असले तरी विद्यार्थ्याच्या मनातील अर्थ कोणता, हे उत्तरावरून कळत नाही. धारावीतील मुलांना कामधंद्यातून मिळालेल्या गणिती ज्ञानाचाही अभ्यास याच केंद्रात झाला आहे.

नमुना पाठ : सहावीच्या वर्गात ०.५ व ०.३५ यांतील मोठी संख्या विचारली असता कित्येक मुले ०.३५ असे उत्तर देतात, कारण पाचापेक्षा पस्तीस मोठे. ही चूक शिक्षकांच्या परिचयाची असते. परंतु ज्यांनी ०.५ हे बरोबर उत्तर दिले, त्यांपैकी काहींच्या वहीत ‘शतांश लहान असतात म्हणून’ एवढेच कारण आढळते. हीच मुले ०.३ ही संख्या ०.४५ हून मोठी ठरवितात. शेजारी बसलेल्या निरीक्षकाने हे टिपले नाही, तर पाठ यशस्वी झाला असे सर्वांस वाटेल. चर्चेनंतरच्या आखणीत संख्यांची दुसरी जोडी योजली की दोन्ही गैरसमज उघडे पडतात. उदाहरणांची निवडही याच चर्चेत कसोटीस लागते. २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेल्याने दशांशासाठी पैशांचे जुने उदाहरण आज बरेच निर्जीव झाले आहे. त्यापेक्षा मीटरपट्टीवर ५० व ३५ सेंटिमीटर दाखविणे अधिक फलदायी ठरावे.

संख्यावाचन : बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ अशी पर्यायी वाचनरीत आल्यावर मोठा वाद झाला. त्याबाबत मतभिन्नता आहे; मुलांना कोणती रीत कशी उमजते, हे अशा पाठनिरीक्षणातून तपासून पाहता येईल.

परिणाम : या पद्धतीच्या परिणामांविषयीचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. इंग्लंडमधील प्राथमिक शाळांत घेतलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत चाचणीत विद्यार्थ्यांच्या संपादनात वाढ दिसली नाही. त्याच वर्षी लुईस व पेरी या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील चाचणीत मात्र अपूर्णांकांच्या बाबतीत स्पष्ट लाभ आढळला. तेथील शिक्षकगटांना अपूर्णांकांविषयीचे निवडक गणिती साहित्य पुरविले होते. केवळ एकत्र बसणे पुरेसे नसून चर्चेला सकस गणिताचा आधार लागतो, असे अनुमान यावरून काढता येते.

प्रशासकीय चौकट : मुंबई उपनगरांतील महानगरपालिकेच्या शाळा पालिकेच्या शिक्षण खात्याच्या अखत्यारीत येतात, तर माध्यमिक शाळांवर शासनाच्या शिक्षण निरीक्षकांची देखरेख असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे.

अडचणी व शक्यता : मुख्य अडचण वेळेची आहे. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत मोकळा तास बदली तासात खर्ची पडतो आणि एकाच विषयाच्या चार शिक्षकांना एकाच वेळी सवड मिळणे दुर्घट होते. वरिष्ठ वर्गात आले की गुणदोषांची यादी निघणार, ही जुनी धास्तीही सहजासहजी जात नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, महानगरपालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात व एकाच इमारतीत अनेकदा मराठी, हिंदी, उर्दू अशा निरनिराळ्या माध्यमांचे वर्ग भरतात. अपूर्णांकाचा एकच पाठ भिन्न भाषांत कसा उमजतो हे जिना चढून पाहता येईल, अशी सोय फार थोड्या शहरांत असेल. वेळापत्रकात महिन्यातून एक संयुक्त तास राखून ठेवणे आणि त्या तासाची नोंद शिक्षकाच्या मूल्यांकनापासून अलिप्त ठेवणे, एवढ्या दोन गोष्टी केल्यास अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या कोणत्याही शाळेला ही पद्धती अतिरिक्त खर्चावाचून अंगीकारता येईल.