इक्विटी पद्धतीचे उत्पन्न

इक्विटी पद्धतीचे उत्पन्न म्हणजे, ज्या कंपनीवर गुंतवणूकदाराचे एकट्याचे नियंत्रण नसते, परंतु संयुक्त नियंत्रण किंवा लक्षणीय प्रभाव असतो, अशा कंपनीच्या निव्वळ नफ्या-तोट्यातील त्याचा हिस्सा होय. हा हिस्सा गुंतवणूकदाराच्या एकत्रित नफा-तोटा पत्रकात एकाच ओळीत दाखवला जातो. सौर व पवन ऊर्जेचे अनेक मोठे प्रकल्प भागीदारीत उभारले जात असल्याने ऊर्जा कंपन्यांच्या हिशेबात या ओळीला विशेष महत्त्व आहे.

लेखामानके

या पद्धतीचे नियम आंतरराष्ट्रीय लेखामानक २८ मध्ये आणि भारतात इंड एएस २८ मध्ये दिले आहेत. मतदानाचे २० टक्के किंवा अधिक हक्क असल्यास, विरुद्ध पुरावा नसेल तर, लक्षणीय प्रभाव गृहीत धरला जातो. संयुक्त उपक्रमाची मालमत्ता व कर्जे हिश्श्याच्या प्रमाणात स्वतःच्या ताळेबंदात मिळवण्याची मुभा पूर्वी होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएफआरएस ११ या मानकाने ती काढून घेतली व संयुक्त उपक्रमांसाठी इक्विटी पद्धत अनिवार्य केली.

हिशेबाची रीत

गुंतवणूक प्रथम खरेदीमूल्याने नोंदवली जाते. नफ्यातील हिश्श्याने ती वाढते. तोट्यातील हिश्श्याने व मिळालेल्या लाभांशाने घटते. समजा, एका कंपनीने पवन ऊर्जा उपक्रमात ४० टक्के हिश्श्यासाठी ४०० कोटी रुपये गुंतवले. वर्षाअखेरीस उपक्रमाला ५० कोटी रुपये नफा झाला व त्याने २० कोटी रुपये लाभांश वाटला. कंपनीचे इक्विटी पद्धतीचे उत्पन्न २० कोटी रुपये होईल. हाती मात्र ८ कोटीच येतील. गुंतवणुकीचे नोंदमूल्य ४०० + २० − ८ म्हणजे ४१२ कोटी रुपये होईल. लाभांश पुन्हा उत्पन्नात धरला जात नाही, अन्यथा तोच नफा दोनदा मोजला जाईल. तोट्यामुळे नोंदमूल्य शून्यावर आल्यास पुढील तोटा नोंदवला जात नाही; मात्र तो भरून देण्याचे बंधन कंपनीवर असल्यास तो नोंदवावा लागतो.

उदाहरणे

ओएनजीसी व एनटीपीसी समूहांच्या हरित ऊर्जा कंपन्यांच्या ५०:५० भागीदारीतील ओएनजीसी एनटीपीसी ग्रीन या उपक्रमाने २०२५ मध्ये अयाना रिन्युएबल पॉवर ही कंपनी विकत घेतली. अशा समान भागीदारीत एकाही भागीदाराला उपक्रमाची वीजविक्री आपल्या महसुलात धरता येत नाही.

न्यूयॉर्कच्या किनाऱ्याजवळील सागरी पवन प्रकल्पांत बीपी व इक्विनॉर या कंपन्या समान भागीदार होत्या. खर्च व व्याजदर वाढल्याने त्यांनी विजेचा दर वाढवून मागितला. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याच्या नियामकाने तो नाकारला. त्यानंतर बीपीने या प्रकल्पांपोटी ५४ कोटी डॉलरची मूल्यघट नोंदवली.

मर्यादा

ही ओळ निव्वळ आकडा दाखवते. प्रकल्पाचा महसूल, व्याजाचा भार आणि बँकांचे कर्ज भागीदाराच्या ताळेबंदात स्वतंत्रपणे दिसत नाही. प्रकल्प-कर्जाच्या करारांत परतफेडीच्या अटी पूर्ण होईपर्यंत लाभांशावर निर्बंध असू शकतात. त्यामुळे नफा नोंदला जाऊनही रोख रक्कम अनेक वर्षे हाती येत नाही. म्हणूनच रोख प्रवाह पत्रकात हे उत्पन्न नफ्यातून वजा करून प्रत्यक्ष मिळालेला लाभांश वेगळा दाखवतात. महत्त्वाच्या संयुक्त उपक्रमांची मालमत्ता, कर्जे व महसूल यांचा सारांश वार्षिक अहवालाच्या टिपांत देणे इंड एएस ११२ नुसार बंधनकारक आहे. भागीदारीची खरी आर्थिक स्थिती जाणण्यासाठी या टिपा मुख्य पत्रकांइतक्याच आवश्यक ठरतात.