बुलेटच्या खडखडाटाची कुळकथा

मोखाड्याच्या सूर्यमाळेवरून जुनी बुलेट उतरू लागली, की तिच्या डाव्या पेटीतून जो खडखडाट उठतो, त्याचे कूळ धुंडाळीत गेलेला मनुष्य मद्रास आणि रेडिच मागे टाकून मँचेस्टरच्या सूतगिरण्यांत, आणि माझा तर्क खरा असेल तर थेट आमच्या खानदेश-वऱ्हाडाच्या कापसात जाऊन पोहोचतो.

त्या पेटीत इंजिनाची शक्ती क्लचकडे नेणारी दुपदरी साखळी असते. मिस्त्रीलोक तिला प्रायमरी चेन म्हणतात. चढावर तिची वरची बाजू ताणलेली व खालची ढिली राहते, आणि त्या ढिल्या बाजूस खालून एका वक्र पट्टीचा आधार असतो. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवून थ्रॉटल सोडला, की मागचे चाकच इंजिनास ओढू लागते, ताण खालच्या बाजूस जातो आणि वरची बाजू निराधार होऊन फडफडते. घाट चढताना निमूट असणारी गाडी उतरताना फिर्याद करते ती यामुळे.

साखळीने शक्ती नेण्याची कल्पना पुरातन आहे. चीनच्या सू सुंगने ती अकराव्या शतकात आपल्या घड्याळात योजिली होती. तकरार आहे ती बुलेटच्या रोलर-साखळीच्या मूळपुरुषाविषयी. सामान्य समज असा की ही साखळी सायकलीकडून आली. आणि रॉयल एनफील्ड मुळात सायकली करणारी कंपनी असल्याने तो दावा भक्कमही भासतो. परंतु तारखा तपासल्या की तो टिकत नाही. सायकलीच्या साखळीला प्रतिष्ठा देणारी स्टार्लीची रोव्हर 1885 सालची, आणि रोलरच्या साखळीची सनद, म्हणजे पेटंट, जेम्स स्लेटरने 1864 मध्येच घेतलेली. हा स्लेटर मँचेस्टरशेजारी सॅलफर्ड येथे कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या करीत असे. हान्स रेनॉल्ड या स्विस अभियंत्याने 1879 मध्ये त्याचा धंदा खरेदी केला आणि 1880 मध्ये पिनेवर बुश व बुशावर फिरता रोलर अशी रचना सिद्ध केली, जिच्यामुळे घर्षणाचा भार बुशाच्या सबंध लांबीवर विभागला जाऊन झीज पुष्कळ उतरली.

मला मात्र 1864 हा आकडा स्वस्थ बसू देत नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस अडला, आणि खानदेश-वऱ्हाडासारख्या मुलखांतून मुंबई बंदरामार्गे गेलेल्या, ‘सुरती’ या सरसकट नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिंदी कापसावर मँचेस्टरच्या लँकेशायर मुलखाला गुजराण करावी लागली. त्याचा धागा आखूड, त्यात कचरा अमाप. सूत पदोपदी तुटे, कामगार त्या कापसाला शिव्या देत, आणि यंत्रांत फेरफार करणे मालकांस प्राप्त झाले. त्याच मुलखात, त्याच धांदलीत ही सनद निघावी, हा निव्वळ योगायोग मानण्यास मी राजी नाही. प्रतिपक्ष विचारील, निम्म्या गिरण्यांना टाळे लागले असता नवी साखळी घेणार कोण? आक्षेप वजनदार आहे. पण नवे यंत्र घेण्याची ऐपत नसलेल्या मालकालाच जुने यंत्र फिरते ठेवण्याच्या युक्तीची निकड अधिक असते. याला दस्तऐवजाचा आधार नाही, तेव्हा अनुमान म्हणा. मी ते सोडणार नाही.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे; इंग्लंडात रेडिचला होणारी बुलेट 1955 पासून मद्रासेत होऊ लागली. रेनॉल्डने 1895 मध्ये दातेरी पत्त्यांची ‘मूक’ साखळीही काढली होती, पण बुलेटच्या नशिबी ती नव्हती.

उपाय घरच्या अंगणात होण्याजोगा आहे. तेल काढून, आड येणारे भाग सोडवून, मधला एकच नट काढला की पेटीचे झाकण सुटते. साखळी सर्वत्र सारखी झिजत नाही, म्हणून ती फिरवीत ठिकठिकाणी खेळ पाहावा आणि सर्वांत घट्ट जागी साधारण 6 मिलिमीटर राहील इतकी पट्टी वर घ्यावी. पट्टी झिजली असल्यास नवी घालावी. साखळीच लांबली असेल, तर पट्टीवर खर्च करणे फुकट. पुष्कळ उत्साही लोक साखळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणतात आणि खडखडाटाच्या मोबदल्यात रडका सूर व बेअरिंगची झीज पदरात पाडून घेतात.

2020 मध्ये आलेल्या मीटिअर या गाडीत कंपनीने ही प्रायमरी साखळी काढून दातेरी चाके बसवली. मागच्या चाकाची चेन मात्र त्याच गिरणीच्या घराण्यातली राहिली, आणि ती उघड्यावर असल्याने मोखाड्याच्या पावसाळी चिखलात तिचे हाल प्रायमरीहून अधिक होतात.