हस्तभोजन

चमचा, काटा किंवा तत्सम साधन न वापरता, धुतलेल्या हाताच्या बोटांनी अन्न कालवून अथवा मोडून त्याचे घास घेण्याची पद्धत. पश्चिम आशिया, आफ्रिका व आग्नेय आशिया यांच्या अनेक भागांतही ती रूढ आहे. भारतात मात्र तिच्याभोवती धर्मशास्त्र, शौचविचार व जातिव्यवस्था यांचे नियम गुंफले गेले. त्यामुळे तिचा इतिहास हा सामाजिक इतिहासाचाही भाग ठरतो.

प्राचीन भारतीयांना चमच्यासारखी साधने अपरिचित नव्हती. हडप्पा संस्कृतीच्या स्थळी शंखाच्या पळ्या सापडल्या आहेत. वैदिक यज्ञकर्मात स्रुक्, स्रुव व दर्वी यांचा उपयोग होत असे. तथापि पळी, डाव, झारा ही साधने शिजविण्यासाठी आणि वाढण्यासाठी होती. तोंडाला लागलेली वस्तू उष्टी होते, या कल्पनेमुळे मुखात जाणारे साधन हातच राहिला. तो ज्याचा त्याचा असतो व प्रत्येक वेळी धुता येतो. ‘चमचा’ हा शब्दही मराठीत फार्सीतून आला आहे.

परकीय प्रवाशांनी या पद्धतीची नोंद केली आहे. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू ह्यूएनत्संग याने भारतीय लोक बोटांनी जेवतात, असे लिहिले. त्याच शतकातील इत्सिंगच्या वृत्तांतानुसार, जेवणासाठी फक्त उजवा हात वापरीत. आजारपणासारख्या कारणाने चमचा चाले, पण चिनी पद्धतीच्या काड्या येथे माहीतच नव्हत्या. अल्-बीरूनीने सु. १०३० मध्ये हिंदू लोक सारवलेल्या जागी एकेकटे जेवतात आणि उरलेले उष्टे अन्न वापरीत नाहीत, असे नमूद केले. यूरोपातही काट्याचा प्रसार सावकाश झाला. टॉमस कोर्यट या इंग्रज प्रवाशाला १६०८ मध्ये इटलीतील काट्याचा वापर नवलाचा वाटला होता.

धर्मशास्त्रात भोजन हे एक प्रकारचे यज्ञकर्म मानले आहे. छांदोग्योपनिषदाच्या पाचव्या अध्यायात प्राण, व्यान, अपान, समान व उदान यांना आहुती देण्याचा विधी येतो. पुढे ताटाभोवती पाणी फिरविणे, चित्राहुती ठेवणे, उजव्या तळहातावर पाणी घेऊन आपोशन करणे व मग पाच लहान घास प्राणाहुती म्हणून घेणे, असा क्रम रूढ झाला. मनुस्मृतीने हाताच्या निरनिराळ्या भागांना तीर्थे कल्पिली असून बोटांच्या अग्रांशी दैवतीर्थ सांगितले आहे. मुस्लिम परंपरेतही उजव्या हाताने व आपल्यासमोरील भागातून खाण्याचा संकेत आहे. एका थाळ्यातून अनेकांनी जेवणे हा तेथील विशेष होय.

हस्तभोजनाचा अन्नाच्या स्वरूपाशीही निकटचा संबंध आहे. वरणभात कालवावा लागतो, भाकरी मोडावी लागते, मासळीचे काटे बोटांनाच कळतात. मराठीतील घास, काला, कालवण, कुस्करणे, ओरपणे हे शब्द याच व्यवहाराची साक्ष देतात. उत्तरेत बोटांची अग्रेच भरावीत असा शिष्टसंकेत आढळतो. दक्षिणेत रस्सम-भातासारखे पातळ अन्न घेताना तळहाताचाही उपयोग होतो. महाराष्ट्रातील पंगतीत मीठ, लिंबू, चटणी व कोशिंबीर डावीकडे, तर भाजी, आमटी उजवीकडे वाढतात. अधिक प्रमाणात खाण्याचे पदार्थ त्यामुळे उजव्या हाताच्या जवळ राहतात.

ज्या शौचविचाराने हात धुण्याची शिस्त लावली, त्याच विचाराने कोणाच्या हातचे खावे व कोणाच्या पंक्तीला बसावे, यांवर कडक निर्बंध घातले. पंक्तिभेद व अस्पृश्यता ही त्याची सर्वांत कठोर रूपे होत. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून ग्रामण्य माजले व प्रायश्चित्ताचा वाद झाला. केरळात सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ मध्ये चेराई येथे मिश्रभोजन घडवून आणले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ केले. पाणी मळत नव्हते. हात कोणाचा, हाच प्रश्न होता. भारतीय संविधानाने सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली व पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांत जातीवरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली.

इंग्रजी अमदानीत मेज, खुर्ची व काटे-चमचे प्रथम अधिकारी व सुशिक्षित वर्गात आले आणि हाताने जेवणे काही ठिकाणी मागासलेपणाचे लक्षण मानले जाऊ लागले. तरीही घरातील जेवण, लग्नाची पंगत, मंदिरातील महाप्रसाद व गुरुद्वारातील लंगर यांत ही पद्धत टिकून आहे. आरोग्यदृष्ट्या तिचा गुणदोष हात किती स्वच्छ धुतला यावर अवलंबून असतो. जेवणापूर्वी साबणाने हात धुणे हा अतिसारासारखे रोग टाळण्याचा साधा व परिणामकारक उपाय ठरला असून, त्यासाठी पुरेशा पाण्याची उपलब्धता ही प्राथमिक अट होय.